फराळाची ताटं शेजारी द्यायची पद्धत तुमच्याकडे नक्की कधी बंद पडली?

खोली_नं_१४ (११ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

प्रश्न शीर्षकातच आहे. दिवाळीच्या फराळाची ताटं शेजारीपाजारी द्यायची जी पद्धत होती ती तुमच्याकडे कधी बंद पडली आणि कशी? म्हणजे कुणी ठरवून बंद केली का आपोआपच? आमच्याकडे कधी बंद पडली ते मला आठवतच नाहीये आणि दोन दिवस डोक्यात तेच चाललंय.

मी गिरगावातला, चाळीतला. आमच्या मजल्यावर १९ बिऱ्हाडं. चतुर्दशीला पहाटे आंघोळी उरकल्या, कारीट फोडून झालं (डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं आणि मग त्यातलं कडू बोटभर जिभेला लावायचं, ते टाळायला आम्ही काय काय नाटकं करायचो) की फराळ आधी देवाला आणि देवानंतर नंबर शेजाऱ्यांचा, आमचा नाहीच. आई ओट्यावर ताटं मांडायची, दोन लाडू, दोन करंज्या, चार चकल्या, मूठभर शंकरपाळे, मधोमध चिवड्याचा ढीग. वर क्रोशाचा रुमाल आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना मणी, कारण आमच्या गॅलरीत वारा भयंकर. अनारसे मात्र सगळ्यांना जायचे नाहीत. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, मग गूळ घालून पीठ मुरवा, एवढं करून शेवटी ते तुपात हसले म्हणजे विरघळून गेले की संपलं, त्यामुळे हाताशी लागायचे १५-२०. ते कुणाच्या ताटात पडतात त्यावरून या वर्षी आईचं कुणाशी बरं चाललंय ते आम्हाला कळायचं.

ताटं पोचवायचं काम माझं. रुमाल परत आणायचा, ताट नंतर आलं तरी चालेल. आणि ताट कधी रिकामं परत यायचं नाही, त्यांचा फराळ घालून यायचं, आणि काहीच नसेल घरात तर निदान चमचाभर साखर. ताटांच्या मागे नावं कोरलेली असायची म्हणून बरं, नाहीतर १९ घरांची ताटं भाऊबीजेपर्यंत अशी काही फिरायची की हिशोब लागला नसता. आमच्याकडे अजून एक ताट आहे ज्याच्या मागे भलत्याच बाईंचं नाव आहे, ते कुटुंब १९९१ ला बोरिवलीला गेलं आणि ताट राहिलं ते राहिलंच.

एक दिवाळी तर जशीच्या तशी आठवते. ८६ साली श्रावणात आजोबा गेले. त्यामुळे त्या वर्षी घरात कढई चढली नाही, कंदील नाही, नवीन कपडे नाहीत. मी दहा वर्षांचा, मला वाटलं आता फराळ पण नाही. तर वसुबारसेपासूनच ताटं यायला लागली. ज्यांच्याकडे वर्षभरात मयत झालंय त्यांच्याकडे आधी द्यायचं असं असतं हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे त्या वर्षी ११ घरच्या चकल्या होत्या, मी आणि माझी बहीण डोळे मिटून चाखून कुठली कुणाकडची ते ओळखायचो. आई रुमाल घडी करून ठेवायची आणि प्रत्येक ताटात साखर घालून परत पाठवायची, बोलायची काही नाही.

आता मी ठाण्याला, घोडबंदर रोडला. २३ मजले, आमच्या मजल्यावर सहा फ्लॅट. लिफ्टमध्ये हॅपी दिवाली म्हणतो आम्ही एकमेकांना, सोसायटीच्या ग्रूपवर पणत्यांचे फोटो येतात, माणसं चांगली आहेत तशी. पण समोरच्याचं दार वाजवून ताट पुढे केलं तर तो काय म्हणेल, हे खरंच मला सांगता येणार नाही.

तर तुमच्याकडे कधीपर्यंत होतं हे, आणि अजून कुणाकडे चालू आहे का?


लालबागचा_भाऊ (१२ ऑक्टोबर, सकाळी ८.०५)

धागा वाचून सकाळी सकाळी कामाला लागायची इच्छा गेली, धन्यवाद.

तुम्ही साखरेचं लिहिलंत म्हणून सांगतो. आमची ८२ ची दिवाळी. आमचे वडील गिरणीत, बदलीवाले नाही, कायम. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि दिवाळी आली तेव्हा दहा महिने होत आलेले. अडीच लाख माणसं बाहेर होती तेव्हा मुंबईत, आकडा आता वाचताना मोठा वाटतो, आम्हाला आमच्या चाळीतली ४० घरं दिसत होती तेवढीच. निम्म्या खोल्यांना कुलूप, बायकापोरं गावी पाठवलेली, कुणी कोकणात कुणी घाटावर.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोनस म्हणजेच आमची दिवाळी होती. कायद्याने कमीत कमी ८.३३ टक्के म्हणजे वर्षात एक जादा पगार धरा. त्यात कपडे, गावची मनिऑर्डर, वाण्याची उधारी आणि उरलंच तर फटाके. बोनस झाला की बाप लोक चार-पाच जण मिळून यायचे, हातात मिठाईचा पुडा, आणि त्या दिवशी आम्हाला कुणी ओरडायचं नाही. त्या वर्षी तो दिवस आलाच नाही.

तरी आईने ताटं केली. ताटं कसली, बशा. कुरमुऱ्यांचा चिवडा आणि रेशनच्या रव्याचे लाडू, तूप नाही, डालडाच, तोही कमी म्हणून लाडू वळताना फुटत होते तर ती दुधाचा हात लावून वळत होती. तळायला रेशनचं पामतेल, त्याचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, हिवाळ्यात पिंपात थिजायचं. वडील म्हणाले कशाला उगाच, लोकांना परत द्यायला जमणार नाही, त्यांना लाज वाटेल. आई म्हणाली साखर देतील की.

आणि तसंच झालं. आमच्या मजल्यावर त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक बशी साखर घेऊन परत आली. आईने ती सगळी एका बरणीत जमवली. दिवाळीनंतर किती दिवस आमचा चहा त्याच बरणीवर चालला होता. मी तेव्हा सातवीत, मला गंमत वाटलेली. चमचाभर साखरेचा नियम कुणी का केला असेल ते कळायला मला चाळिशी लागली.

बंद कधी पडली म्हणाल तर आमची चाळ पाडली आणि टॉवर झाला तेव्हा. माणसं तीच, चाळीतलेच शेजारी वर गेले. पण दारं बंद असतात ना. गॅलरीत दार उघडंच असायचं, ताट घेऊन आत जायला कुणाला विचारायला लागायचं नाही. आता बेल वाजवायची म्हणजे आपण मुद्दाम आलो असं होतं.


मऊ_चकली (१२ ऑक्टोबर, दुपारी १.२०)

दोन्ही पोस्ट छान आहेत, डोळ्यात पाणी वगैरे सगळं आलं, पण आता दुसरी बाजू कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते, राग मानू नका.

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शिफ्ट ड्यूटी. डोंबिवलीहून लोकलने जाऊन येऊन दिवाळीचा फराळ करायचा म्हणजे रात्री दहाला कढई चढायची. भाजणी घरी भाजलेली, ती मी गिरणीत घेऊन जायचे आणि गिरणीवाल्याला बजावून सांगायचं की तांदळावर टाका, गव्हावर टाकू नका, नाहीतर चकली बिघडते. तरी बिघडायचीच. कारण बाई आठ तास हेडफोन लावून बसून आलेली आहे, मोहन जास्त पडलं का पाणी जास्त गरम झालं का हे बघायला जीव शिल्लक पाहिजे ना. तळल्यावर कुरकुरीत असायच्या, सकाळपर्यंत मऊ.

आणि मग ही ताटं. तुम्हा मुलांना ते पळापळ आणि रुमाल आठवतात. माझ्या आईला ती दर वर्षीची परीक्षा होती. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या करंजीला किती पापुद्रे सुटले, कुणाचा चिवडा तेलकट, कुणी बेसनाचा लाडू कच्चा ठेवला, हे सगळं तुळशीच्या लग्नापर्यंत पुरायचं. एकदा एका काकूंनी आईसमोर हसत हसत म्हटलं होतं, तुमच्या चकल्या आमच्या सासूबाईंना फार आवडतात हो, दात नाहीत ना त्यांना. सगळे हसले. आई पण हसली. घरी येऊन उरलेल्या चकल्या तिने भुगा करून चिवड्यात घातल्या आणि पुढच्या वर्षीपासून आमच्या ताटात चकलीच नसायची.

९४ की ९५ ला तिने एका बाईंकडून फराळ विकत आणायला सुरुवात केली, तेव्हा तसं करणं म्हणजे कमीपणा होता, गुपचूप आणायचो. मला विचाराल तर आमच्या घरातली पहिली सुखाची दिवाळी तीच. ती भाऊबीजेला दुपारी झोपली होती. मला आठवतच नव्हतं त्याआधी आईला दिवाळीत दुपारी झोपलेलं पाहिल्याचं.

म्हणून जुनं ते साधं होतं असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात जातं. साधं कुणासाठी?

(आयडी त्यावरूनच घेतलाय. माझ्याही चकल्या मऊच होतात, रक्तातच आहे.)


रोसातले_फोव (१२ ऑक्टोबर, दुपारी ३.४५)

मऊ_चकली, जबरदस्त प्रतिसाद.

आमच्या गोव्यात ही लाडू-चकलीची ताटं एवढी नव्हतीच मुळात. आमची दिवाळी म्हणजे चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळायचा, आंघोळ करायची आणि फोव म्हणजे पोहे खायचे. दुधातले फोव, ताकातले फोव, नारळाच्या रोसातले गूळ घातलेले, फोडणीचे, बटाट्याचे. आणि ताट कुणी पाठवायचं नाही, माणसंच जायची. या घरी दोन घास, त्या घरी दोन घास, वाड्यावरची सगळी घरं पुरी करेपर्यंत पोटाचा नरकासुर व्हायचा. नवीन भाताचे कांडलेले पोहे असायचे, ते जाड लालसर, आताच्या पिशवीतल्या पोह्यांना तो वास नाही.

ते आमच्याकडे गावात अजून आहे, थोडं. बिघडलाय तो नरकासुर. आमच्या वेळी गवत, जुने कपडे आणि रद्दी, खर्च शून्य, मुलं एक रात्र जागायची. आता महिनाभर आधीपासून वर्गणी, स्पर्धा, बक्षिसं, आणि रात्रभर एवढे मोठे स्पीकर की पहाटे जाळायची वेळ येईपर्यंत अर्धी पोरं झोपलेली असतात नाहीतर दुसऱ्या अवस्थेत असतात. बायको म्हणते नरकासुराचाच सण झालाय, कृष्ण कुठे दिसत नाही. म्हातारा झालो म्हणून असं वाटतं का खरंच असं आहे ते तुम्हीच ठरवा.


सातारी_कंदी (१२ ऑक्टोबर, रात्री ९.३०)

नानकटाईचं कुणीच लिहिलं नाही अजून??

अहो आमच्याकडे दिवाळीआधी बेकरीत जाऊन नानकटाई भाजून आणायची हा एक स्वतंत्र सण होता. मैदा, पिठीसाखर, डालडा सगळं घरून न्यायचं, डोक्यावर पत्र्याचा डबा, आई, काकू, आम्ही तीन भावंडं अशी वरात. बेकरीवाला ट्रे द्यायचा, बायका तिथेच खाली बसून मळायच्या, थापायच्या, आणि ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी. नंबर लागायचा रात्री बारा-एकला कारण अख्खा गाव आलेला. भट्टीच्या उबेला आम्ही पोरं पोत्यांवर झोपायचो. भट्टीतून ट्रे आला की मोडलेल्या आमच्या, आणि मोडाव्यात म्हणून ट्रे धरायला आम्हीच पुढे. पहिली गरम नानकटाई हातात धरवत नाही आणि ठेववतही नाही. बेकरीत नक्की शेजारचीच बाई भेटायची त्यामुळे ताट द्यायच्या आधीच कुणाकडे काय झालंय ते माहीत.

मामाच्या गावाला अजून एक होतं. गुराखी पोरं लव्हाळ्याची दिवटी विणायची, वरती नागाच्या फडीसारखा आकार, त्यात दिवा ठेवून घरोघरी गाईम्हशी ओवाळत फिरायची, दिन दिन दिवाळी म्हणत. घरातली बाई दिवटीत तेल घालायची आणि हातावर काहीतरी टेकवायची. आणि पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी, पांडव. मला शहरातून गेल्यावर शेणात हात घालायची लाज वाटायची आणि मामेबहिणी हसायच्या.

मऊ_चकली म्हणतात ते पटतं. पण त्या बेकरीतल्या रात्री माझी आई जेवढी हसताना पाहिलीय तेवढी घरात कधी नाही पाहिली, हेही खरं. कदाचित घराबाहेर होती म्हणून असेल.

जाता जाता, किल्ला आम्ही अजून करतो. पोती चिखलात बुडवून, दगड रचून, वर हळीव पेरून. या जुलैत १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले ना, तर पुतण्या म्हणतो यंदा जिंजी करायचा. रायगड, प्रतापगड सोडून पहिल्यांदाच तामिळनाडूतला किल्ला आमच्या अंगणात होणार. फोटो टाकेन.


जर्सीकर (१३ ऑक्टोबर, पहाटे ५.१०)

इथे न्यू जर्सीत आम्ही ताटं नाही, झिपलॉकच्या पिशव्या देतो. मंडळाची दिवाळी खरी दिवाळी संपल्यावर येणाऱ्या शनिवारी, कारण हॉल तेव्हा मिळतो. घरून येणारा फराळ कुरियरने, ८ किलोच्या खोक्यात, त्यातल्या चकल्यांचं पोचेपर्यंत जे होतं ते शेवटी चमच्याने खायचं. आईला फोनवर सांगतो अगदी अख्ख्या पोचल्या गं.

बाकी धागा वाचनखूण साठवलाय.


निळीशाई (१३ ऑक्टोबर, रात्री १०.५५)

लिहू का नको असा दोन दिवस विचार केला. लिहितो. कुणाला टोचावं म्हणून नाही.

आम्ही मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या गावाला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील खात्यात क्लार्क, आमच्या समाजातून त्या लाइनीत आलेलं पहिलंच घर आमचं. आठ क्वार्टर एका ओळीत, पुढे अंगण, कुंपणाला मेंदी. साल ७९-८०. दिवाळीला आमच्याकडे ताटं यायची बरं का, हे प्रामाणिकपणे सांगतो, चार घरांतून तरी यायची. आईला फार भारी वाटलं. तिने ठरवलं आपणही द्यायची. तिने आयुष्यात करंजी केलेली नव्हती. एका मास्तरीणबाईंकडून शिकली, करंजीचं कातण विकत आणलं, पितळी, त्याचे दात थोडे वेगळे होते म्हणजे कडेला जी नक्षी उठायची ती नागमोडी, बाकीच्यांसारखी बारीक नाही. मोठा बेत केला तिने. मी आणि ताईने ताटं पोचवली, सगळ्यांनी हसून घेतली, या या बसा असं म्हणून घेतली.

त्या लाइनीत भांडी घासायला ज्या मावशी यायच्या त्या आमच्याच. लांबच्या नात्यातल्या. संध्याकाळी त्या घरी जाताना आमच्याकडे टेकल्या आणि पोरांना द्यायला म्हणून पदरातून फराळाचा पुडका काढला, तीन-चार घरांनी त्यांना दिलेला. त्यात करंज्या होत्या, नागमोडी कडेच्या. मोजून बघितल्या नाहीत पण बऱ्याच होत्या.

मावशींना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, खा गं पोरी, चांगल्या झाल्यात.

आईने खाल्ली. त्यांच्यासमोर खाल्ली आणि म्हणाली खरंच चांगल्या झाल्यात.

पुढच्या वर्षी आईने ताटं दोनच दिली. एक त्या मास्तरीणबाईंना आणि एक मावशींना, घरी नेऊन. तर आमच्याकडे ताटांची पद्धत बंद कधी पडली, याचं माझं उत्तर असं आहे. कातण अजून आहे, माझी बायको वापरते.


लालबागचा_भाऊ (१३ ऑक्टोबर, रात्री ११.२०)

निळीशाई, याच्यावर काय लिहू. लिहिलंत ते बरं केलंत.


मऊ_चकली (१४ ऑक्टोबर, सकाळी ९.००)

निळीशाई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा, असतील तर.

खोली_नं_१४, आता तुमच्यासाठी. तुम्ही धागा काढून गायब झालात. सगळं वाचून मला एवढंच वाटतं की तुम्हीच सुरुवात करा की. सहा फ्लॅट म्हणजे काय फार नाही. विकतचं आणा, पेपर प्लेटमध्ये घाला, बेल वाजवा. डायबेटिस आहे का विचारून घ्या, हल्ली लाडू दिला की लोक घाबरतात. फार तर फार काय म्हणतील?


खोली_नं_१४ (१४ ऑक्टोबर, रात्री १०.१५)

गायब नाही, वाचतोय रोज. निळीशाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्या चाळीतली ताटं कुठे जायची नाहीत याचा मी कधी विचारच केला नव्हता. कुणाकडे ताट न्यायचं ते आई सांगायची, मी पळायचो. जिन्याखाली राहणाऱ्या आणि संडास साफ करणाऱ्या माणसाला फराळ जायचा, पण कागदात.

मऊ_चकली, सुरुवात यंदा नाही करता येणार. आई गेली फेब्रुवारीत. म्हणून यंदा आमच्याकडे काही नाही. म्हणजे मी हे मानतो का तर माहीत नाही, विकतचा फराळ आणला तर कोण विचारतंय, मुलगी म्हणाली पण की बाबा आपण ऑर्डर करू. पण कढई नाही चढवायची तर नाही चढवायची, आईने आजोबांच्या वेळी पाळलं होतं. एवढंच की तेव्हा वसुबारसेला पहिलं ताट आलं होतं आणि इथे कुणाला सांगायचं, ग्रूपवर टाकायचं का की आमच्याकडे मयत आहे फराळ पाठवा? म्हणून हा सगळा प्रश्न डोक्यात आला. आधीच सांगायला हवं होतं, सुचलं नाही.


मऊ_चकली (१४ ऑक्टोबर, रात्री १०.२५)

व्यनि (खासगी निरोप) बघा.


सातारी_कंदी (१४ ऑक्टोबर, रात्री १०.४०)

माझाही बघा. ठाण्यात बहीण आहे माझी.


खोली_नं_१४ (२९ ऑक्टोबर, रात्री ९.५०)

दिवाळी झाली, धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचा राहिला होता.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून एक डबा आला. देणाऱ्या बाई पाच मिनिटंच बसल्या, पाणी प्यायल्या, गेल्या. चकल्या मऊ होत्या. संपल्या. सातारी_कंदी यांच्या बहिणीकडून नानकटाई आली, मुलीने पहिल्यांदाच घरची खाल्ली, आता म्हणते ओव्हन घेऊ.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक बिहारी कुटुंब आहे, दीड वर्ष झालं, आमचं बोलणं म्हणजे लिफ्ट आणि पार्किंग. काल सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात त्यांच्या आई, पिवळी साडी, नाकापासून भांगापर्यंत शेंदूर, आणि हातात स्टीलचं ताट. छठ झाली त्यांची, पहाटे सूर्याला अर्घ्य देऊन आल्या होत्या, ३६ तास पाणी न पिता, आणि घरी येऊन आधी मजल्यावर प्रसाद वाटत होत्या. ठेकुआ (कणकेचा तळलेला गोड पदार्थ), केळं, उसाचं कांडं, नारळाची खाप. वर रुमाल होता, क्रोशाचा नाही, लाल कापड. मला म्हणाल्या माताजी इस बार दिखी नहीं. म्हणजे आईला ओळखत होत्या. खाली बाकावर बसायच्या म्हणे दोघी संध्याकाळी, आई मराठीत बोलायची आणि या भोजपुरीत. मला माहीतच नव्हतं. मी सांगितलं, तर तिथेच दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

ताट आत आणलं. आता रिकामं कसं द्यायचं. घरात फराळ नाही, चकल्या संपलेल्या, नानकटाई संपलेली. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ताटात चमचाभर साखर घातली. मुलीला पाठवलं.

पाच मिनिटांत परत बेल. त्यांचा मुलगा, हातात वाटी, ताटातली साखर काढून त्या वाटीत आणलेली. म्हणतो, अंकल, मम्मी पूछ रही है, हमने कब चीनी दी थी?

समजावून सांगायला दहा मिनिटं गेली, माझं हिंदी गिरगावचं. शेवटी तो साखर घेऊन परत गेला.


जर्सीकर (३० ऑक्टोबर, पहाटे ४.५५)

😂 आणि थोडं रडू पण.


लालबागचा_भाऊ (३० ऑक्टोबर, सकाळी ८.१५)

ताटाच्या मागे नाव होतं का त्यांच्या?


खोली_नं_१४ (३० ऑक्टोबर, सकाळी ८.४०)

होतं. देवनागरीत, आणि खाली लग्नाची तारीख.


सातारी_कंदी (३० ऑक्टोबर, सकाळी ९.१०)

ते ठेकुआचं जरा सविस्तर लिहा. गूळ का साखर? आणि किती दिवस टिकतो? आमच्याकडे विचारतायत.